भांडण कपड्यांशी नव्हतं, नेमणुकीशी होतं

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयातले ते सर्व कर्मचारी,
ज्यांनी २०१६ साली वंडर वुमनच्या नेमणुकीविरुद्ध अर्जावर सही केली.

विषय : मानद राजदूत वंडर वुमन यांच्यावर घेतलेल्या आक्षेपांबाबत.

सप्रेम नमस्कार.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी तुमच्या मुख्यालयात एक सोहळा झाला. कॉमिकमधून जन्मलेल्या आणि दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोचलेल्या वंडर वुमनला, तिच्या ७५व्या वाढदिवसाचं निमित्त साधून, स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणासाठी मानद राजदूत नेमलं गेलं. मालिकेत तिची भूमिका करणारी लिंडा कार्टर आली होती, नव्या चित्रपटातली गॅल गॅडोटही आली होती. आणि तुमच्यातले काही जण सभागृहात शिरून व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहिले, मुठी उंचावून. खऱ्या बायकांना खरी राजदूत हवी, असे फलक तुमच्या हातांत होते. अर्जावर सुमारे ४५ हजार सह्या झाल्या. १६ डिसेंबरला, दोन महिनेही पुरते भरायच्या आत, वंडर वुमनची मुदत आटोपली.

मी निवृत्त लघुलेखक आहे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, म्हणजे जातकुळी तुमचीच. साहेबांनी बोलायचं, आम्ही टिपायचं, टंकलेखन करून सहीला ठेवायचं, आणि पत्रातली चूक कोणाची हे विचारायची वेळ आली की मान खाली घालायची. अशा नोकरीतल्या माणसाने वरिष्ठांच्या समारंभात त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं, याला काय लागतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा आधी शाबासकी. त्या पाठींबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार अर्जाच्या मजकुराबद्दल आहे. तुमचे आक्षेप मुळात दोन होते. एक, ही बाई काल्पनिक आहे. दुसरा, ती दिसते कशी : भरल्या छातीची, अशक्य बांध्याची गोरी बाई, मांड्या उघड्या टाकणारा चकचकीत पोशाख, त्यावर अमेरिकी झेंड्याची नक्षी, गुडघ्यापर्यंत बूट. पहिला आक्षेप लाखमोलाचा होता. दुसऱ्याने त्याची माती केली. वर्तमानपत्रांनी साहजिकच दुसरा उचलला, कारण त्याच्याबरोबर फोटो छापता येत होता. चर्चा झाली ती बाईच्या कपड्यांची. ज्यांनी नेमणूक केली त्यांना कोणी फारसं काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार झाला, आणि तोही अशा ठिकाणी जिथे बायकांना कपड्यांवरून तोलू नये म्हणून ठराव पास होतात.

माझा संशय असा की तुमच्यातल्या निम्म्याजणांनी तरी ती मालिका पाहिलेली नाही. पाहिली असती तर अर्ज वेगळा लिहिला असतात. मी ती निवृत्तीनंतर पाहिली, भाचीने अमेरिकेतून आणलेल्या डीव्हीडींवर, दुपारच्या वेळी, भाजी निवडत. अर्ध्या भाज्या तशाच राहिल्या.

मालिका रडतखडतच पडद्यावर आली. १९६७ मध्ये एक छोटासा नमुना तयार झाला तो विनोदी, टिंगलीच्या सुरातला. तो बाजूला पडला. १९७४ मध्ये कॅथी ली क्रॉस्बीला घेऊन दूरचित्रवाणीवर एक चित्रपट झाला, त्यात वंडर वुमनला धड शक्तीही नव्हत्या आणि तिचा तो ओळखीचा पोशाखही नव्हता. तुमच्या अर्जाच्या हिशेबाने ही आवृत्ती आदर्श म्हणायची : अंगभर कपडे, शिस्तशीर गुप्तहेर बाई. कोणाला तिची आठवण आहे का? मग ७ नोव्हेंबर १९७५ रोजी एबीसी वाहिनीवर लिंडा कार्टर आली, मूळच्या पोशाखात, मूळच्या काळात, म्हणजे १९४२ च्या युद्धात, आणि पुढे १९७९ पर्यंत टिकली. पहिला हंगाम युद्धातला, नंतर सीबीएस वाहिनीने कथा सत्तरीच्या दशकात आणून ठेवली. नायिकेचं वय वाढत नाही, त्यामुळे तिला फरक पडला नाही. नायक स्टीव्ह ट्रेव्हरच्या जागी मात्र त्याच नटाला मुलगा करून उभं करावं लागलं. नायक म्हातारा होऊन बदलला जातो आणि नायिका आहे तशीच राहते, ही गंमत तेव्हाच्या दूरचित्रवाणीवर फारशी पाहायला मिळत नसे.

आता तुमच्या-माझ्या कामाचा भाग. वंडर वुमनचं खरं नाव डायाना, ती एका बेटावरची राजकन्या. विमान पडून जखमी झालेल्या स्टीव्ह ट्रेव्हरला परत कोणी न्यायचं हे ठरवायला राणी स्पर्धा लावते, मुलीला भाग घ्यायची बंदी करते. मुलगी सोनेरी केसांचा टोप आणि मुखवटा चढवून उतरते आणि जिंकते. शेवटच्या फेरीत दोघी एकमेकींवर गोळ्या झाडतात आणि मनगटावरच्या कड्यांनी त्या अडवायच्या असतात. एवढं सगळं करून ही राजकन्या वॉशिंग्टनला पोचते, आणि तिथे काय होते? कारकून. नौदलातली योमन डायाना प्रिन्स. केसांचा अंबाडा, मोठा चष्मा, गणवेश, स्टीव्ह ट्रेव्हरच्या खोलीबाहेरचं टेबल.

ते टेबल मी फार बारकाईने पाहिलं आहे. स्टीव्ह आणि जनरल ब्लँकेनशिप दार उघडं ठेवून युद्धाची गुपितं बोलतात, कारण बाहेर बसलेली बाई त्यांच्या लेखी फर्निचरमध्ये जमा असते. ती फाइल हातात घेऊन उभी असते आणि सगळं ऐकत असते. मग कोणाच्या लक्षात न येता कोपऱ्यात जाते, हात पसरून स्वतःभोवती एक गिरकी घेते, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच स्टीव्हच्या हातापायांचे दोर सोडवत असते. (हा स्टीव्ह आठवड्यातून एकदा तरी कुठेतरी बांधलेला सापडतो. रुबाबदार माणूस, पण पकडला जाण्यात त्याचा हात कोणी धरू नये.) काम उरकून ती टेबलाशी परत येते तेव्हा साहेब तिलाच कौतुकाने सांगतात, वंडर वुमन काय अफाट बाई आहे! ती म्हणते, हो का सर. आणि ओठाचा एक कोपरा किंचित वर जातो.

तो कोपरा लिंडा कार्टरचा अभिनय आहे. तिला सौंदर्यस्पर्धेतली मुलगी म्हणून हिणवणाऱ्यांनी तो एकदा थांबवून पाहावा. त्यात चीड नाही, कुढणं नाही, ‘मी कोण आहे दाखवू का’ अशी खुमखुमीही नाही. कचेरीत सगळ्यात जास्त कोणाला माहीत असतं? ज्याच्या टेबलावरून कागद जातो त्याला. हे तिला कळलेलं आहे. एवढी शक्तिमान बाई सेक्रेटरी कशाला केली, अशी तक्रार मी ऐकली आहे. मला मात्र त्या मालिकेतली सगळ्यात खरी गोष्ट तीच वाटते. सुपरमॅन वार्ताहराची नोकरी करतो, तिथे निदान नाव छापून येतं. हिचं नाव जावक नोंदवहीतसुद्धा नाही. सचिवालयात काम करणाऱ्यांनीच तिला ओळखू नये, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तिच्या शक्तींबद्दलही सांगते, कारण अर्जात त्यांचा उल्लेख नाही. तिची ताकद पट्ट्यात आहे; बेटाबाहेर पट्टा काढून घेतला की ती आपल्यासारखीच. मनगटावरची कडी तिच्या बेटावरच मिळणाऱ्या धातूची, त्याला मालिकेत फेमिनम नाव दिलंय. कपाळावरचा मुकुट फेकला की परत हातात येतो. अदृश्य विमान आहे. फोनवर कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, आणि सेक्रेटरीला याहून उपयोगी विद्या कोणती! मात्र गुंगीचं औषध हुंगवलं तर तीही आडवी होते. पोशाख बदलणारी ती गिरकी लिंडा कार्टरनेच सुचवलेली. तिला नाचाचं अंग होतं. सुरुवातीच्या भागांत गिरकी संथ होती, एक चित्र दुसऱ्यात विरघळत जाई, पुढे त्यात लखलखाट आणि गडगडाट आला. तेव्हाच्या पोरी अंगणात घेरी येईपर्यंत फिरायच्या, असं त्या वयाच्या अमेरिकन बायका अजून सांगतात.

पण खरी जिन्नस म्हणजे तो सोनेरी दोर. ज्याच्याभोवती पडेल त्याला खरं बोलावंच लागतं. याची मुळं एका खटल्यात सापडतात. वंडर वुमनचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन हा हार्वर्डमध्ये शिकलेला मानसशास्त्रज्ञ. माणूस खोटं बोलला की रक्तदाब चढतो, या तत्त्वावर त्याने एक चाचणी बसवली होती. खोटं पकडणाऱ्या यंत्राची ती पूर्वज. १९२३ च्या फ्राय खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ती पुरावा म्हणून मानायला नकार दिला, आणि तो निकाल तिकडच्या पुराव्याच्या कायद्यात पुढे कित्येक दशकं आधाराला घेतला जात राहिला. कोर्टात हरलेली कल्पना मार्स्टनच्या हातून १९४२ मध्ये एका बाईच्या कमरेला येऊन लटकली. कॉमिकमध्ये तो दोर आधी नुसता हुकूम पाळायला लावणारा होता. दूरचित्रवाणीवर त्याचं मुख्य काम राहिलं ते खरं बोलायला लावण्याचं, आणि मला वाटतं हा बदल फार मोलाचा आहे. हुकूम पाळायला लावणारे दोर जगात पुष्कळ आहेत.

कड्यांचीही गोष्ट आहे. मार्स्टन, त्याची बायको एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न असे तिघं एका घरात राहत. ऑलिव्हच्या मनगटांवर रुंद कडी असत, ती डायानाला आली. ही ऑलिव्ह म्हणजे संततिनियमनाच्या कार्यकर्त्या मार्गारेट सँगर यांची भाची. त्या सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी याच विषयावर वाद घालून गेल्या. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते तर १९२१ साली. म्हणजे जिच्या पोशाखाने तुमची झोप उडाली, तिचं आजोळ हे असं आहे. तुम्ही अर्जात मान्य केलं होतं की मूळ निर्मात्यांच्या मनात स्वतंत्र, कणखर, स्त्रीवादी योद्धा असेल. मग ‘पण आता’ म्हणून पुढे कपड्यांचा विषय काढलात. तो ‘पण’ मला पटत नाही.

स्वभाव पाहू. ताकदवान माणसाची ओळख तो हरलेल्याशी कसा वागतो त्यावरून होते, म्हणून एकच भाग सविस्तर सांगते. फाउस्टा नावाची नाझी हस्तक अमेरिकेत येते. वंडर वुमनला पकडते, तिच्याच सोनेरी दोराने बांधून तिच्या शक्तीचं गुपित काढून घेते आणि तिला जर्मनीला नेते. कामगिरी फत्ते. पण वरिष्ठ अधिकारी तिच्या यशाला कवडीची किंमत देत नाही, कारण ती बाई. डायाना कैदेतून सुटते तेव्हा फाउस्टाला बुकलून काढायची आयती संधी असते. ती काढत नाही. ती तिच्याशी बोलते. तू ज्यांच्यासाठी मरायला निघालीस ते तुला काय समजतात ते बघ, असा त्या बोलण्याचा आशय. कळवळा आहे, पण गुळगुळीत समजावणी नाही. समोरची बाई हुशार आहे हे धरून केलेला युक्तिवाद आहे. शेवटी फाउस्टा बाजू बदलते. तिथे दोर कामाला आलेला नाही, ताकद आलेली नाही.

असंच दुसरीकडे गोरिलाच्या बाबतीत. नाझींनी तिच्यावर सोडायला एक गोरिला तयार केलेला असतो. ती त्याच्याशी झुंजते खरी, पण तिची मुख्य खटपट त्याच्या डोक्यात भरवलेली हिंसा उतरवण्याची. गोरिलाच्या वेशातला माणूस स्पष्ट दिसतो, याबद्दल वाद नको.

आणि एक दोन भागांची कथा तर तुमच्याच दारातली आहे. अँड्रोस नावाचा परग्रहावरचा माणूस येतो. ग्रहांच्या एका परिषदेने त्याला पाठवलेलं असतं : पृथ्वीवरची माणसं इतकी हिंसक झाली आहेत की त्यांना राहू द्यायचं की नाही, ते पाहून सांग. साल १९४२ चं, म्हणजे मानवजातीची वकिली करायला याहून वाईट वेळ सापडायची नाही. वंडर वुमन ती करते. तिला माणसांचं काही देणं लागत नाही, तिचं बेट सुखात आहे, पण ती परक्यांची बाजू घेऊन उभी राहते. पुरावा अंगावर येत असताना, बॉम्ब पडत असताना, ही माणसं सुधारतील असं ती म्हणते, आणि अँड्रोसला ते पटवून देते. तुमच्या इमारतीत दुसरं काय काम चालतं?

आता कपड्यांबद्दल. मी काही आंधळी नाही. त्या पोशाखाची निवड बायकांच्या सोयीसाठी झाली असं मी म्हणणार नाही. शीर्षकगीतातच साटिनचे तंग कपडे आणि हक्कांची लढाई यांचं यमक जुळवून ठेवलं आहे, आणि पाठोपाठ झेंड्याचे तीन रंग येतात. १९७५ चे निर्माते साधुसंत नव्हते. झेंड्याबद्दल तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पहिला हंगाम उघडउघड अमेरिकेच्या युद्धप्रचाराची नक्कल आहे. १९३ देशांच्या संस्थेने एका देशाचे चांदणीपट्टे घातलेली राजदूत नेमावी, हे कुठल्याही देशाच्या मुलीला खटकावं असंच आहे. तेवढं एकच कलम लिहिलं असतंत तरी पुरेसं होतं.

पण मांड्या? लिंडा कार्टर त्या पोशाखात कशी वावरते ते पाहा. ती पोशाख सावरत नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहते, धावते, दारं उखडते, बंदुकीच्या नळ्या वाकवून त्या शांतपणे परत करते, आणि या सगळ्यात एकदाही आपण कशा दिसतोय हे तपासत नाही. कॅमेऱ्याने काहीही बघावं, तिचं लक्ष कामावर. तिच्या जागी धोक्याच्या उड्या मारणारी जिनी एपर हीही त्याच पोशाखात पडत होती, आपटत होती, आणि पुढे हॉलिवूडमधल्या स्टंट करणाऱ्या बायकांमध्ये तिचं नाव आदराने घेतलं गेलं. अंगाचा संकोच न बाळगणारी बाई सातआठ वर्षांच्या मुलीने पडद्यावर पाहणं, यात मला तरी सक्षमीकरणच दिसतं. सुपरमॅनच्या विजारीवर अर्ज झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अमेरिकेतली स्त्रीवादी कार्यकर्ती ग्लोरिया स्टायनेम आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या ‘मिझ’ मासिकाच्या जुलै १९७२ च्या अंकावर याच वंडर वुमनला उभं केलं होतं. तेव्हा कॉमिकवाल्यांनी तिच्या शक्ती काढून घेऊन तिला साध्या कपड्यांत कपड्यांचं दुकान चालवायला बसवलं होतं. त्या बायकांनी मागितलं ते काय? तिचं जुनं रूप परत द्या. पोशाखासकट. राष्ट्राध्यक्ष करा असंही मुखपृष्ठावर लिहिलं.

तर मग नेमणूक बरोबर होती का? मुळीच नाही. इथून पुढे मी तुमच्या बाजूने आहे.

तारखा शेजारी शेजारी ठेवा. २०१६ साली महासचिवपदासाठी तेरा उमेदवार होते, त्यांतल्या सात स्त्रिया. बुल्गेरियाच्या इरिना बोकोवा युनेस्को चालवत होत्या. न्यूझीलंडच्या हेलन क्लार्क नऊ वर्षं देशाच्या पंतप्रधान राहून तुमच्याच विकास कार्यक्रमाच्या प्रमुख झालेल्या. ७१ वर्षांत या पदावर एकही बाई बसलेली नव्हती, आणि या वेळी तरी बसवा असं सगळीकडून म्हटलं जात होतं. सुरक्षा परिषदेने बंद दाराआड सहा चाचणी फेऱ्या घेतल्या. प्रत्येक नावापुढे तीन पर्याय : प्रोत्साहन, निरुत्साह, मत नाही. सही नाही, कारण नाही. ५ ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीत कायम सदस्यांच्या चिठ्ठ्यांना वेगळा रंग दिला, म्हणजे नकाराधिकार कुठे आहे ते कळावं. अंतोनियो ग्युटेरस यांना तेरा ‘प्रोत्साहन’ पडली. १३ ऑक्टोबरला आमसभेने त्यांची नेमणूक केली. ग्युटेरस लायक नव्हते असं मी म्हणत नाही. निर्वासितांच्या कामात त्यांनी दहा वर्षं काढली होती. पण १३ ऑक्टोबरला खरी खुर्ची पुरुषाला आणि २१ ऑक्टोबरला मानद खुर्ची कागदावरच्या बाईला! दुधाची तहान ताकावर भागवतात, इथे ताकाचं चित्र पुढे केलं.

त्यातून ते चित्रही फुकट आलेलं नव्हतं. वंडर वुमनचा नवा चित्रपट २०१७ च्या जूनमध्ये यायचा होता. तुमच्या संस्थेला हा छंद जुनाच : विनी द पू अस्वलाला १९९८ मध्ये मैत्रीचा राजदूत केलं, टिंकर बेल परीला २००९ मध्ये पर्यावरणाचं काम दिलं, आणि त्याच २०१६ च्या मार्चमध्ये अँग्री बर्ड्समधला तो लाल पक्षी हवामानबदलावर बोलायला घेतला. पक्ष्याविरुद्ध कोणी अर्ज केला नाही, ते ठीकच. पक्ष्यांची कुठली खुर्ची कोणी अडवून ठेवलेली नव्हती.

बायकांच्या बाबतीत मात्र खरी माणसं हाताशी होती. विजयालक्ष्मी पंडित १९५३ मध्ये तुमच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्या पुढे आमच्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या, आणि सासरचं घराणं मराठी, म्हणून त्यांचं नाव इथे जरा जास्त ओळखीचं. त्यांच्यानंतर दुसरी स्त्री त्या खुर्चीवर बसायला १९६९ उजाडलं, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स. तिसऱ्या बहारीनच्या हया राशेद अल खलिफा, २००६. एकेका नावामधली अंतरं बघा. मानवी हक्क आयोगावर एलिनॉर रूझवेल्ट यांच्या शेजारी हंसा मेहता बसल्या होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात फक्त ‘पुरुष’ जन्मतात असं वाटू नये म्हणून त्या अडून बसल्या आणि वाक्य बदलून घेतलं. त्याच सुमारास त्या मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, धोंडो केशव कर्व्यांनी काढलेल्या. या बायकांचं एखादं पोस्टर तुमच्या लॉबीत लागलं असतं तर मुलींनी विचारलं असतं, ही कोण? आणि सांगायला गोष्ट होती.

म्हणजे माझा मुद्दा इतकाच, की अर्जातलं पहिलं कलम एकट्याने ठेवायचं होतं. काल्पनिक बाईला खऱ्या बायकांच्या जागी बसवू नका, मग ती नऊवारीत असो की साटिनमध्ये. डायानाला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. तिला मानाची खुर्ची कधी नकोच होती, टेबल पुरे होतं.

ग्युटेरस यांची दुसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा तेच तीन पर्याय, पुन्हा बंद दार. त्या दाराबाहेरच्या टेबलाशी तुम्ही बसलेले असणार. २०१६ मध्ये निकाल अधिकृतपणे जाहीर होत नव्हते तरी काही मिनिटांत वार्ताहरांकडे पोचत होते, तेव्हा भिंतींना कान आहेत हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून या वेळी अर्ज करायचा असेल तर आत्ता करा, आणि मजकूर मी टंकून देते. मागणी एकच : सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांनी कोणत्या उमेदवारापुढे ‘निरुत्साह’ लिहिलं, ते देशाच्या नावासकट जाहीर करावं, आणि उमेदवार स्त्री असेल तर कारणही लिहून द्यावं. सोनेरी दोर आपल्याकडे नाही. अर्जात ही मागणी असू द्या, त्यावर ४५ हजारांत माझीही एक सही धरा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त लघुलेखक,
डोंबिवली.

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : सुरक्षा परिषदेचे सर्व सदस्य देश.